वेग पुरेसा, तरी खेळ अडखळतो

व्यापारात माल पाठवणे आणि माल पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पेढीवर बसणाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. बिल्टीवर वीस नग लिहिलेले असतात आणि गोदामात अठराच उतरतात. अशा वेळी जाणता व्यापारी समोर दिसेल त्याच्याशी भांडत बसत नाही. माल कोठे चढला, कोठे उतरला, कोणत्या मुक्कामी मोजला गेला, हे तो आधी पाहतो. तूट नेमकी कोठे पडली हे कळेपर्यंत दोष कोणाचा, हे ठरत नाही.

घरातील इंटरनेट जोडणीच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण आपण सहज विसरतो. मुलगा संध्याकाळी मित्रांबरोबर संगणकावर फुटबॉलचा किंवा मोटारशर्यतीचा खेळ खेळायला बसतो. त्याची गाडी वळण घेऊन पुढे जाते आणि क्षणात मागे खेचली जाते. चेंडू मारलेला दिसतो, पण खेळाच्या लेखी तो मारलेलाच नसतो. मुलगा म्हणतो, ‘नेट खराब आहे.’ वडील मोबाइलवर वेग तपासतात, तो करारात लिहिल्याप्रमाणे पुरा भरतो. शेजारच्या खोलीत चित्रपट न अडखळता चालू असतो. मग एक तर मुलगा हरण्याची सबब सांगतो आहे असा निष्कर्ष निघतो, नाही तर दरमहा अधिक पैसे मोजून जास्त वेगाची योजना घेतली जाते. पहिल्याने घरातील विश्वास उणावतो, दुसऱ्याने खिसा हलका होतो, आणि खेळ पूर्वीसारखाच अडखळत राहतो. कारण दोष बहुधा वेगाचा नसतोच; वाटेत काही नग गहाळ होत असतात. तंत्रज्ञ यालाच ‘पॅकेट लॉस’ म्हणतात.

हा प्रश्न केवळ खेळणाऱ्या मुलाचा नाही. ज्या तारेवरून त्याचा खेळ चालतो, तीवरूनच दुकानाचे बिलिंग, ई-वे बिल, परगावच्या पेढीशी होणारे बोलणे आणि परदेशी असलेल्या लेकीचा व्हिडिओ कॉल चालतो. खेळ हा या तारेवरील सर्वांत नाजूक तराजू आहे. इतरत्र अजून न जाणवलेला दोष तेथे आधी दिसतो.

पॅकेट म्हणजे काय?

इंटरनेटवरून कोणताही मजकूर, चित्र किंवा आवाज अखंड प्रवाहाने जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहिला जातो. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिले. आज घरच्या जोडणीवर एक पॅकेट साधारणतः जास्तीत जास्त १,५०० बाइटचे असते. वाटेतील प्रत्येक राउटर पत्ता वाचतो आणि पॅकेट पुढच्या मुक्कामी रवाना करतो.

पॅकेट पोहोचेलच, अशी हमी ही व्यवस्था मुळातच देत नाही. ते गहाळ होण्याची मुख्य कारणे दोन. पहिले, वाटेत त्यातील अक्षरे बिघडतात. प्रत्येक पॅकेटासोबत एक पडताळणीचा आकडा असतो. तो जुळला नाही तर यंत्र ते पॅकेट दुरुस्त करत बसत नाही, सरळ टाकून देते. दुसरे, राउटरपाशी रांग इतकी वाढते की नव्याने येणाऱ्या पॅकेटास जागाच उरत नाही. तेव्हाही ते टाकले जाते.

दुसऱ्या कारणाचा प्रताप १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात दिसला. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचे विद्यापीठ यांच्यात अंतर अवघे चारशे यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर. त्या दोहोंमधील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. तार तुटलेली नव्हती. गर्दीमुळे पॅकेटे टाकली जात, ती पोहोचली नाहीत म्हणून संगणक पुन्हा पाठवत, त्यामुळे गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा अभ्यास करून १९८८ साली उपाय प्रसिद्ध केला. पॅकेट हरवले की पाठवणाऱ्याने वाटेत गर्दी आहे असे समजावे आणि आपला वेग कमी करावा, हे त्याचे सार होते. आजही इंटरनेटवरील बरीचशी वाहतूक याच शिस्तीने चालते.

खेळालाच का जाणवते?

पॅकेटे पाठवण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. टीसीपी या रीतीत प्रत्येक मालाची पोचपावती मागितली जाते. पावती आली नाही तर माल पुन्हा पाठवला जातो. संकेतस्थळे, ई-मेल, बँकेचे व्यवहार आणि बहुतेक चित्रपट याच रीतीने येतात. चित्रपट तर पुढचा काही सेकंदांचा भाग आधीच साठवून ठेवतो. त्यामुळे मधला एखादा तुकडा हरवून पुन्हा आला तरी पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. यूडीपी या दुसऱ्या रीतीत पोचपावतीच नसते. माल पाठवला की पाठवणारा मोकळा.

वेगवान खेळ बहुधा ही दुसरी रीत वापरतात, आणि त्याला सबळ कारण आहे. अर्ध्या सेकंदापूर्वी गाडी कोठे होती ही बातमी पुन्हा मागवून उपयोग काय? तोवर ती शिळी झालेली असते. काही स्पर्धात्मक खेळांचे सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा, तर काही १२८ वेळा खेळाची स्थिती नव्याने मांडतात. मधली बातमी आली नाही की मुलाचा संगणक अंदाजाने चित्र पुढे सरकवतो. खरी बातमी आल्यावर अंदाज चुकलेला दिसतो आणि गाडी मागे खेचली जाते.

येथे केवळ टक्केवारी पाहून भागत नाही. सेकंदाला १२८ पॅकेटे म्हणजे मिनिटाला ७,६८०. त्यातील एक टक्का म्हणजे सुमारे ७७. ही ७७ पॅकेटे मिनिटभर विखरून हरवली तर खेळाडूला ती फारशी जाणवणारही नाहीत. पण तीच सलग हरवली तर अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ पडदा आंधळा होतो. आकडा तोच, परिणाम वेगळा.

वेगाची चाचणी हा दोष का दाखवत नाही, हेही यावरून कळते. ती चाचणी सेकंदाला किती माल उतरला एवढेच सांगते. त्यातील किती नग दुसऱ्यांदा पाठवावे लागले, हे तिच्या मोठ्या आकड्याखाली झाकले जाते.

मोजमापाची जुनी साधने

नगांची मोजदाद करणारी साधने प्रत्येक संगणकात आधीपासून असतात आणि त्यांस पैसे पडत नाहीत. त्यांतील पहिले ‘पिंग’. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधताना सोनार यंत्रातून निघणाऱ्या आवाजावरून त्यास नाव मिळाले. एक हाक घालायची आणि प्रतिसाद किती मिलिसेकंदांत परत येतो ते पाहायचे, इतकेच त्याचे काम. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

विंडोज संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून इंग्रजीत पिंग हा शब्द आणि पुढे पत्ता लिहिला की चार हाका जातात. चार हाकांवरून निष्कर्ष काढणे म्हणजे पोत्यात हात घालून चार दाणे पाहून संपूर्ण मालाचा भाव ठरवणे. शंभर पॅकेटांमागे एक हरवत असले, तरी शंभर हाकांच्या चाचणीत एकही न हरवण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. म्हणून पत्त्यापुढे जागा सोडून आडवी रेघ, तिला लागून इंग्रजी एन हे अक्षर आणि मग ६०० हा आकडा द्यावा. साधारण दहा मिनिटांत मोजणी पुरी होते आणि शेवटी किती पाठवली, किती आली, किती हरवली, याचा ताळेबंद आपोआप छापला जातो. खेळ ज्या वेळी अडखळतो त्याच वेळी ही मोजणी करावी. रात्री नऊला होणारा त्रास सकाळी सातला मोजून सापडत नाही.

मुक्काम पहिला : घराच्या आत

पहिली मोजणी घरच्या राउटरपर्यंत करावी. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. राउटरच्या पाठीवरील चिठ्ठीवर तो अनेकदा छापलेला असतो. ही हाक घराबाहेर जातच नाही. येथेच पॅकेटे हरवत असतील तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. तूट आपल्याच गोदामात आहे.

घरातील तुटीचा सर्वांत मोठा संशयित म्हणजे वाय-फाय. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच धरल्या जातात : १, ६ आणि ११. दाट वस्तीच्या इमारतीत वीस-पंचवीस घरांचे राउटर या तीन वाहिन्यांत दाटीवाटीने बोलत असतात. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण तो जाड भिंतींतून कमी जातो. वाय-फाय हरवलेले पॅकेट स्वतःच पुन्हा पाठवून पाहते. त्यामुळे आरंभी तूट न दिसता केवळ वेळ वर-खाली होते. एक हाक ३ मिलिसेकंदांत, पुढची ९० मध्ये, पुन्हा ४ मध्ये, असे आकडे दिसू लागले तर ती येऊ घातलेल्या तुटीची चाहूल समजावी.

खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. संगणक राउटरशेजारी नेऊन लॅन केबलने जोडावा आणि तीच मोजणी पुन्हा करावी. तूट नाहीशी झाली तर वाय-फाय दोषी. मग महागडी योजना घेण्यापेक्षा खेळाच्या संगणकापर्यंत एक चांगली केबल ओढणे स्वस्त आणि टिकाऊ. केबल लावूनही तूट राहिली तर आधी केबल बदलून पाहावी. टोकाची पकड सैल झालेली किंवा दाराच्या फटीत चेपलेली केबल चालू दिसते, पण पॅकेटे बिघडवते. गिगाबिटची जोडणी १०० मेगाबिटवर उतरलेली दिसली तर बऱ्याचदा केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असते. केबलही बदलून झाली, तर राउटरवर संशय घ्यावा. बंद कपाटात तापत असलेला जुना राउटरही असेच वागतो.

गर्दीमुळे पडणारी तूट

व्यापारी कुटुंबांत आणखी एक कारण वारंवार आढळते आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. खाली दुकान, वर घर आणि दोन्हींना एकच जोडणी. दुकानातील व गोदामातील सीसीटीव्ही कॅमेरे दिवसभर चित्रे बाहेर साठवणुकीस पाठवत असतात. संध्याकाळी सर्वांचे मोबाइल घरी आले की दिवसभरातील छायाचित्रे आपोआप वर चढू लागतात. आपण योजना घेताना खाली येणाऱ्या मालाचा वेग पाहतो. वर जाणारी वाट पुष्कळदा त्याहून अरुंद असते. ती भरली की खेळाचे इवलेसे पॅकेट कॅमेऱ्याच्या अवजड पॅकेटांमागे ताटकळत उभे राहते आणि रांग ओसंडली की टाकले जाते.

याची परीक्षा अशी : घरात सर्व शांत असताना एक मोजणी करावी आणि मग एखादी मोठी फाइल वर चढवत असताना दुसरी. पहिल्या वेळी २० मिलिसेकंद आणि दुसऱ्या वेळी ३०० असा फरक पडला, तर दोष तारेचा नसून रांगेच्या शिस्तीचा आहे. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या विकाराकडे जगाचे लक्ष वेधले. यंत्रांत नको इतकी मोठी रांग साठू दिल्याने तो होतो. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली रांग आखूड ठेवण्याची नवी पद्धत सुचवली. १९८६ च्या कोंडीचा अभ्यास करणारे जेकबसन ते हेच. आज अनेक राउटरांत ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ या नावाने अशा प्रकारची सोय असते. तेथे आपल्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा घातली की रांग कंपनीच्या यंत्रात न साठता आपल्या राउटरात राहते आणि तो लहान पॅकेटांना आधी वाट देऊ शकतो. कॅमेऱ्यांची चित्रे रात्री उशिरा पाठवण्याची वेळ ठरवणे हा त्याहूनही सोपा उपाय.

मुक्काम दुसरा : दारापासून कंपनीपर्यंत

राउटरपर्यंतची मोजणी स्वच्छ असेल तर पुढचा मुक्काम. येथे ‘ट्रेसराउट’ हे साधन लागते. तेही व्हॅन जेकबसन यांनीच १९८७ साली लिहिले. प्रत्येक पॅकेटावर एक आकडा असतो आणि वाटेतील प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकले जाते आणि टाकणारा राउटर तशी सूचना परत पाठवतो. ट्रेसराउट मुद्दाम १, २, ३ असे चढते आकडे घालून पॅकेटे पाठवते, म्हणजे वाटेतील मुक्काम क्रमाने आपली नावे सांगू लागतात. यादीतील पहिला मुक्काम आपला राउटर. त्यापुढचा बहुधा कंपनीचा.

त्या दुसऱ्या मुक्कामापासून तूट सुरू होत असेल तर संशय दारापासून कंपनीपर्यंतच्या तारेवर जातो. घरात फायबर असेल तर त्याला तीव्र कोनात वाकवलेले नाही ना, कपाटाखाली चेपले नाही ना, हे पाहावे. फायबरच्या डबीवर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोहोचत नाही. दिवा हिरवा असूनही प्रकाश क्षीण असू शकतो. प्रचलित जीपॉन पद्धतीत घरी पोहोचणाऱ्या प्रकाशाची पातळी सामान्यतः उणे ८ ते उणे २७ डीबीएम या मर्यादेत असावी लागते. उणे २७ च्या काठावर असलेली जोडणी चालते, पण लंगडत. तंत्रज्ञ घरी आला की हा आकडा मोजून दाखवण्यास सांगावे. त्याच्याजवळ त्यासाठी हातात मावणारे यंत्र असते. अनेकदा जोडाचे धुळीने मळलेले टोक पुसल्यावर प्रश्न संपतो.

मधल्या मुक्कामाची फसवी तूट

विंडोजवर ‘पाथपिंग’ हे साधन प्रत्येक मुक्कामाला शंभर-शंभर हाका घालून तुटीची टक्केवारी मांडते. हा कागद वाचताना अनेक जण फसतात. पाचव्या मुक्कामापुढे ४० टक्के तूट दिसते आणि चोर सापडला असे वाटते. पण सहाव्या, सातव्या आणि शेवटच्या मुक्कामावर तूट शून्य असेल तर पाचव्यावरची तूट खरी नाही. चाळीस नग जेथे खरोखर गहाळ झाले, त्यापुढच्या गोदामांत ते पुन्हा प्रकट होणार नाहीत. घडते ते असे : पाचवा राउटर माल पुढे नेण्याचे काम चोख करतो, पण स्वतःला घातलेल्या हाकांना उत्तर देणे हे त्याच्या लेखी दुय्यम असते, म्हणून तो काहींना उत्तर देत नाही. तूट ज्या मुक्कामापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकते, तोच मुक्काम संशयास्पद.

काही खेळांचे सर्व्हर हाकेला उत्तरच देत नाहीत. त्यावरून ते बंद आहेत असे समजू नये. अनेक खेळांत जाळ्याची स्थिती दाखवणारा तक्ता असतो आणि त्यात जाणारी व येणारी तूट वेगवेगळी दिसते. जाणारीच अधिक असेल तर वर जाणाऱ्या वाटेतील गर्दीचा संशय बळावतो. मुलाने खेळासाठी कोणत्या शहरातील सर्व्हर निवडला आहे, हेही पाहावे. मुंबईचा उपलब्ध असताना सिंगापूरचा निवडला गेला, तर वाट सुमारे चार हजार किलोमीटरने लांबते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाण्यायेण्याची ४० मिलिसेकंदे तेथेच खर्ची पडतात. वेळेचा हा उशीर आणि पॅकेटांची तूट हे दोन वेगळे विकार आहेत. पण वाट लांबली, मुक्काम वाढले, की तुटीच्या जागाही वाढतात.

तक्रार कशी करावी?

तूट घरात नाही हे सिद्ध झाले की मगच कंपनीकडे जावे, आणि कागद घेऊन जावे. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीवर राउटर बंद करून चालू करा, असेच उत्तर येते. त्याऐवजी तीन दिवसांची नोंद द्यावी : तारीख, वेळ, केबलने जोडणी, घरच्या राउटरपर्यंत ६०० पैकी तूट शून्य, कंपनीच्या पहिल्या मुक्कामापर्यंत ६०० पैकी २१. अशा नोंदीपुढे टोलवाटोलवी कठीण होते. ट्रायने २००६ साली केलेल्या ब्रॉडबँड गुणवत्तेच्या नियमांत तारेने येणाऱ्या जोडणीसाठी पॅकेट लॉस एक टक्क्याहून कमी असावा, असा मापदंड घालून दिला होता. वरील उदाहरणातील तूट साडेतीन टक्के भरते. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. निवारण झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

या सर्व खटाटोपात घरातील मुलाला सामील करून घ्यावे. किंबहुना नोंदीची वही त्याच्याच हाती द्यावी. खेळ किती वेळ खेळावा, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या रीतीने द्यावे. पण ‘नेट खराब आहे’ असे म्हणणाऱ्या मुलास ‘दाखव’ असे सांगितले, आणि त्याने तीन मुक्कामांचे आकडे मांडून तूट कोठे आहे ते दाखवले, तर पुढे पेढीवर मालाची तूट शोधताना लागणारी सवय त्याला घरीच लागलेली असेल. आणि नोंदीतून तूट कोठेच निघाली नाही, तर कंपनी किंवा तारेला दोष देण्यास जागा उरणार नाही, हेही तो स्वतःच्याच आकड्यांवरून समजून घेईल.